प्रतिवादी गैरहजर

इ.स.पू. ४०० च्या आसपास अथेन्समधल्या एका अपंग दुकानदारावर बालंट आले. शहराकडून त्याला रोज एक ओबोल निर्वाहभत्ता मिळत असे. एका नागरिकाने पाचशे सभासदांच्या परिषदेपुढे तक्रार गुदरली की हा गृहस्थ धडधाकट आहे, धंदा करतो, पैसेवाल्यांत ऊठबस करतो, घोड्यावर बसतो. याचा भत्ता बंद करा. दुकानदार उत्तराला उभा राहिला. ऐपत असती तर मऊ खोगिराचे स्वतःचे खेचर बाळगले असते, लोकांची घोडी मागत हिंडलो नसतो, असे त्याने सुनावले. इतर अपंग एका काठीवर चालतात, मी दोन वापरतो. मग त्या दोन काठ्याही माझ्या धडधाकटपणाचा पुरावा धरा, असे तो म्हणाला. आणि मी खरेच धडधाकट असेन तर आर्कन या अधिकारपदाच्या सोडतीत माझे नाव टाका, माझा ओबोल या तक्रारदाराला चालू करा, असा टोलाही त्याने हाणला.

हे शब्द त्याचे नव्हते. ते लिसियासने लिहून दिले होते. लिसियासचे वडील सिराक्यूजहून अथेन्सला आलेले, घरचा ढाली बनवण्याचा कारखाना. इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी मालमत्ता हिसकावली, भावाला मारले. परदेशी रहिवासी म्हणून त्याला लोकसभेत बोलायचा हक्क नव्हता. तो दुसऱ्यांना भाषणे लिहून देऊन पोट भरू लागला. ज्याच्या तोंडी शब्द घालायचे त्याचा स्वभाव, वय, धंदा ओळखून लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आजच्या भाषेत तो कॉपीरायटर होता आणि दुकानदार त्याचा क्लायंट.

जाहिरात व्यवसायाने या ग्रीक पूर्वजांशी नाते सांगायला आता चांगलीच सुरुवात केली आहे. मार्केटिंगच्या वर्गात आणि एजन्सीच्या सादरीकरणात एथॉस, पॅथॉस, लोगॉस ही ॲरिस्टॉटलची त्रयी हटकून भेटते: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. त्यांचा वापर करा, जाहिरात अधिक पटेल, असा सल्ला दिला जातो. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. ही कला ज्या न्यायालयात घडली तिथे प्रत्येक भाषणानंतर दुसरी बाजू बोलायला उठत असे. आपण हत्यारे उचलून आणली आणि प्रतिवादीला मागेच ठेवले. जाहिरातीच्या शंभर-सव्वाशे वर्षांतले बरेचसे यश आणि जवळजवळ सगळी बदनामी या एका गोष्टीतून समजते.

परंपरा सांगते की वक्तृत्वशास्त्राचा जन्मच मुळी दाव्यांतून झाला. सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये इ.स.पू. ४६६ च्या सुमारास जुलमी राजवट कोसळली, बळकावलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी दाव्यांची रीघ लागली, आणि कोरॅक्स व टिसियास यांनी दावा कसा मांडावा याचे धडे द्यायला सुरुवात केली. इ.स.पू. ४२७ मध्ये सिसिलीतल्याच लिओंटिनीचा गॉर्जियस वकिलातीवर अथेन्सला आला आणि त्याच्या बोलण्याने शहर भारावून गेले. शब्द मनावर असे चालतात जशी औषधे शरीरावर, हे त्याचे मत. कोणत्याही एजन्सीला ते भिंतीवर लावायला आवडेल.

पण अथेन्सच्या न्यायालयात ही जादू मोजूनमापून चालत असे. व्यावसायिक वकील नव्हते. ज्याची तक्रार त्याने बोलायचे. समोर २०१ किंवा ५०१ पंच, मोठ्या खटल्यात त्याहून जास्त. शेजारी पाणघड्याळ: वरच्या मडक्याला बुडाशी बारीक नळी, पाणी संपले की भाषण संपले. अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात असे एक भांडे आहे. त्यातले पाणी सुमारे सहा मिनिटांत वाहून जाते. दोन्ही पक्षांना पाणी सारखे. दोघांचेही सारख्याच कानाने ऐकून घेईन, अशी शपथ पंच घेत. इ.स.पू. चौथ्या शतकात प्रत्येक पंचाला काशाच्या दोन चकत्या मिळत, एकीचा मधला दांडा पोकळ, दुसरीचा भरीव. दांड्याची टोके बोटांनी झाकून तो हवी ती चकती टाकी. शेजाऱ्यालाही मत कळत नसे. पंचांनी आपसात चर्चा करायची नाही, ऐकायचे आणि मत टाकायचे. अशा ठिकाणी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सतत एक प्रश्न असतो: मी खाली बसल्यावर समोरचा काय म्हणेल? लिसियासच्या दुकानदाराने घोड्याचा मुद्दा लपवला नाही. तो उघड्यावर घेतला आणि त्याचेच हत्यार केले.

ॲरिस्टॉटलचा वक्तृत्वावरचा ग्रंथ या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे ती त्रयी निराळी दिसते. विश्वासार्हता भाषणातूनच निर्माण झाली पाहिजे, वक्त्याच्या आधीच्या लौकिकावर विसंबू नये, असे तो बजावतो. भावनेबद्दल त्याचे प्रश्न तीन: राग आलेला माणूस कोणत्या मनःस्थितीत असतो, कोणावर रागावतो आणि कशामुळे. दुसऱ्या खंडात त्याने राग, भीती, दया, लाज, मत्सर यांची अशी उलटतपासणी केली आहे की बाजारपेठेच्या संशोधकाने आजही वाचावी. युक्तिवादात तो एक पायरी गाळायला सांगतो, कारण ऐकणारा ती स्वतः भरतो. आणि दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत असे त्याने आग्रहाने म्हटले आहे. वाईटाची वकिली करण्यासाठी नाही. दुसरा कोणी अन्यायाने युक्तिवाद करत असेल तर तो खोडून काढता यावा म्हणून. हे वाक्य सादरीकरणांत सहसा भेटत नाही.

त्याने भाषणांचे तीन प्रकार केले ते श्रोत्यावरून. न्यायालयातला श्रोता झालेल्या गोष्टीचा न्याय करतो, लोकसभेतला होणाऱ्या गोष्टीचा. तिसरा प्रकार स्तुतिपर भाषणाचा, उत्सवातला; तिथला श्रोता प्रेक्षक असतो, वक्त्याचे कसब पाहायला आलेला. अशा भाषणाला वाढवून सांगणे शोभते, कारण तिथे विरोधी पक्ष नसतो. जाहिरातीची गोम नेमकी इथे आहे. रूप उत्सवातल्या स्तुतीचे, काम लोकसभेचे. आपण सोफ्यावर प्रेक्षक म्हणून बसलेलो असतो, आणि दुकानात जातो तेव्हा निर्णय करून मोकळे झालेलो असतो. मधली सुनावणी झालेलीच नसते.

प्लेटोला या कलेचाच संशय होता. एका संवादात त्याने वक्तृत्वाला पाककौशल्याच्या पंगतीला बसवले: लहान मुले पंच असतील आणि वैद्यावर आचाऱ्याने फिर्याद केली, तर कडू औषधे देणारा वैद्य काय उत्तर देणार? पण त्याच संवादात त्याने गॉर्जियसच्या तोंडी दुसरी बाजूही घातली आहे. माझा भाऊ वैद्य आहे. त्याचे औषध घ्यायला रोगी तयार होत नाही, तेव्हा मीच त्याला राजी करतो, असे गॉर्जियस सांगतो. लसीकरणाची किंवा हेल्मेटची जाहिरात करणाऱ्याला हा मुद्दा मान्य होईल. शब्द दोन्हीकडे चालतात; उत्तर द्यायला कोणी आहे की नाही, यावर बरेच ठरते.

अमेरिकेत १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियात व्होल्नी पामरने वर्तमानपत्रांतली जागा विकण्याचा धंदा सुरू केला, आणि शतकाच्या अखेरीस पेटंट औषधांच्या जाहिरातींनी पाने भरून गेली. याच मुशीतून जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स घडला. मिलवॉकीच्या श्लिट्झ बीयरसाठी लिहायचे म्हणून तो कारखाना पाहायला गेला. गाळलेल्या हवेच्या काचबंद खोल्या, दिवसातून दोनदा साफ होणारे पंप, चार-चारदा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या हे सगळे पाहून तो थक्क झाला. हे लोकांना का सांगत नाही, असे त्याने विचारले. सगळेच बीयरवाले असे करतात, असे उत्तर आले. हॉपकिन्सने ते छापले. पाचव्या क्रमांकावरची श्लिट्झ काही महिन्यांत पहिल्याच्या बरोबरीला आली, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे.

यात एक अक्षरही खोटे नाही. मात्र ॲरिस्टॉटलची गाळलेली पायरी पाहा. बाटल्या चार-चारदा धुतो असे श्लिट्झ म्हणते, बाकीचे धुत नसावेत हे वाचक स्वतः भरतो. आणि नेमके तेच चुकीचे आहे. अथेन्समध्ये प्रतिस्पर्धी उठून ‘आम्हीही धुतो’ एवढेच म्हणाला असता तर पाणघड्याळात पाणी शिल्लक असतानाच दावा निकालात निघाला असता. छापील पानावर मात्र जो पहिला बोलला त्याचाच तो मुद्दा झाला.

प्रतिवादी नसल्याचा फायदा पुढे सिगारेट कंपन्यांनी घेतला तसा कोणीच घेतला नाही. १९४६ पासून कॅमल सिगारेटच्या जाहिराती सांगत होत्या की १,१३,५९७ डॉक्टरांना विचारले, त्यांच्यात कॅमल ओढणारे सर्वात जास्त निघाले. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, चेहऱ्यावर आश्वासक हसू. वैद्यकीय परिषदांना आलेल्या डॉक्टरांच्या हाती आधी कॅमलची फुकट खोकी पडत आणि मग तुम्ही कोणती सिगारेट ओढता असे विचारले जाई, हे जाहिरातीत नव्हते. विश्वासार्हता बोलण्यातून कमवावी लागते, या ॲरिस्टॉटलच्या अटीला इथे सरळ बगल होती. ती कोटासकट उसनी आणली होती. १९५० मध्ये अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी संबंध दाखवणारी संशोधने प्रसिद्ध झाली. पण ती वैद्यकीय नियतकालिकांत होती, आणि जाहिरात दिवाणखान्यात.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. जॉन बँझाफ या तरुण वकिलाने १९६६ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका दूरचित्रवाणी केंद्राला पत्र लिहिले: वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू दाखवण्याचे बंधन तुमच्यावर आहे, तुम्ही सिगारेटच्या जाहिराती दाखवता, तर धूम्रपानविरोधी बाजूलाही वेळ द्या. केंद्राने नकार दिला. तो संघराज्याच्या दळणवळण आयोगाकडे गेला, आणि जून १९६७ मध्ये आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो उचलून धरला. साधारण तीन जाहिरातींमागे एक, एवढा फुकट वेळ धूम्रपानविरोधी संदेशांना मिळू लागला. सारखे पाणी नव्हे, पण दुसरी बाजू प्रथमच दालनात आली.

त्यातला एक संदेश विल्यम टालमनचा. ‘पेरी मेसन’ या लोकप्रिय मालिकेत तो सरकारी वकील होता, आठवड्यामागून आठवडा पेरी मेसनपुढे खटला हरणारा. १९६८ मध्ये कर्करोग सोसायटीसाठी तो आपल्याच घरात कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. बायको-मुलांची ओळख करून दिली, मालिकेतल्या सहकलाकाराबरोबरचे छायाचित्र दाखवले आणि मला फुप्फुसाचा कर्करोग आहे असे सांगितले. हरणे आणि सिगारेट ओढणे या दोन्हींचा मला दांडगा अनुभव आहे, तुम्ही हरू नका, एवढाच त्याचा युक्तिवाद. त्याच ऑगस्टमध्ये तो गेला. संदेश त्यानंतर झळकला. इथे विश्वासार्हता उसनी नव्हती, भावना चिकटवलेली नव्हती आणि गाळलेली पायरी प्रेक्षकाने भरली ती खरी होती.

अमेरिकेत दर प्रौढामागे १९६६ मध्ये वर्षाला सुमारे ४,३०० सिगारेटी खपत. १९७० पर्यंत आकडा ४,००० च्या खाली आला. एकाच कारणाने हे घडले असे म्हणता येणार नाही. कंपन्यांना मात्र वारे कोणीकडून येते ते कळले. रेडिओ-दूरचित्रवाणीवरून सिगारेटच्या जाहिराती हटवणारा कायदा २ जानेवारी १९७१ पासून लागू झाला, तेव्हा त्यांनी फारशी झुंज दिली नाही. जाहिराती गेल्या तसे प्रतिवादाचे बंधनही गेले, विरोधी संदेश विरळ झाले आणि पुढची दोन-तीन वर्षे खप पुन्हा थोडा चढला.

यावरून जाहिरात म्हणजे फसवणूकच, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. या धंद्यातली उत्तम कामे पाहा: त्यांत प्रतिवादी हजर असतो, कारण लिहिणाऱ्याने त्याला स्वतःहून बोलावलेले असते. युद्ध संपून पंधरा वर्षेच झाली होती, गाडी हिटलरच्या योजनेतून निघालेली, आकाराने लहान, दिसायला बेढब. न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबाक एजन्सीने १९६० मध्ये फोक्सवॅगनच्या चित्राखाली एकच शब्द छापला, ज्याचा अमेरिकनांच्या बोलीत अर्थ होतो भंगार माल. खालचा मजकूर सांगत होता की या गाडीच्या हातमोजे-कप्प्यावरची क्रोमपट्टी डागाळली आहे, तुमच्या ती लक्षातही आली नसती, पण वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात केवळ तपासणीसाठी ३,३८९ माणसे आहेत आणि त्यांतल्या एकाने ती गाडी परत पाठवली. विरोधकाचा शब्द आधी आपणच उच्चारायचा, ही लिसियासचीच चाल. १९६२ मध्ये एव्हिस या भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीने आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत हे जाहीर कबूल केले. तेरा वर्षे तोट्यात गेलेली कंपनी वर्षभरात नफ्यात आली. पुढे पहिल्या क्रमांकाच्या हर्ट्झने जाहिरातीतूनच सडेतोड उत्तर दिले, आणि वाचकांना दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्या.

मुंबईचे उदाहरणही याच जातीचे. स्वस्त निरमाने सर्फचा बाजार खाल्ला तेव्हा लिंटासच्या अलेक पदमसींनी ललिताजी उभी केली. भाजीवाल्याशी पैशापैशासाठी घासाघीस करणारी ही बाई महाग पावडर कशी घेते, हा प्रतिस्पर्ध्याचा प्रश्न जाहिरातीतच विचारला जातो, आणि ती हिशेब मांडते: अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर. हिशेब बरोबर की चूक हे प्रत्येक घरात महिनाअखेरीला तपासता येत होते. ॲरिस्टॉटलला ललिताजी आवडली असती.

बाजारात स्पर्धा आहे, प्रतिस्पर्ध्याची जाहिरात हाच प्रतिवाद, असे व्यवसायातले लोक म्हणतात. जिथे माल निराळा तिथे ते खरे आहे. पण जो दोष सगळ्यांच्याच मालात आहे तो कोण बोलून दाखवणार? सिगारेटच्या दोन ब्रँडांचे कितीही हाडवैर असो, धुराबद्दल दोघेही मूग गिळून बसतात.

मग उरतो कायदा, आणि तो वरातीमागून घोडे असा येतो. लिस्टरिन या गुळण्यांच्या औषधाने १९२० च्या दशकात तोंडाच्या दुर्गंधीची लाज घराघरात नेली. लाज वाटते ती ज्यांच्या मताची आपल्याला किंमत असते त्यांच्यापुढे, हे ॲरिस्टॉटलचे निरीक्षण त्या जाहिरातींनी अचूक वापरले. सर्दीपासून बचावाचा त्यांचा दावा मात्र कित्येक दशके बिनबोभाट चालला. १९७५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आदेश दिला की पुढच्या सुमारे १ कोटी डॉलरच्या जाहिरातींत या औषधाने सर्दी टळत नाही हे सांगा. ती रक्कम दहा वर्षांच्या सरासरी वार्षिक जाहिरातखर्चाएवढी धरली होती. आपल्याकडे चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, १९८५ पासून मुंबईत जाहिरात मानक परिषद आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतल्या नामांकित चेहऱ्यालाही दंड लावला आहे. एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विचारले की माफीनाम्याचा आकार तुमच्या जाहिरातींएवढा आहे का. अथेन्सच्या पंचाला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.

नवे संकट यापुढचे आहे. अथेन्समधले भाषण उघड्यावर होत असे. वर्तमानपत्रातली जाहिरात निदान प्रतिस्पर्ध्यालाही वाचता येई. मोबाइलवर मात्र मधुमेही माणसाला एक दावा दिसतो, शेजारी बसलेल्या त्याच्या मुलीला दुसरा. प्रतिवादी हजर असला तरी काय बोलले गेले हे त्याच्या कानी पडत नाही. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात मोठ्या मंचांना त्यांच्या जाहिरातींचा सार्वजनिक संग्रह ठेवणे सक्तीचे केले, ते याचसाठी. भारतात तशी सक्ती लवकर व्हावी. एजन्सींनीही एक घरगुती नियम पाळावा: मोहीम बाहेर पडण्याआधी एका चमूने तिच्याविरुद्धचे उत्तम भाषण लिहावे. ज्या जाहिरातीचा त्यापुढे टिकाव लागत नाही ती परत टेबलावर न्यावी. असे केल्याने खप घटेल ही भीती अनाठायी आहे. फोक्सवॅगन, एव्हिस आणि सर्फ काही दान करायला निघाले नव्हते.

वाचकाची तयारी मात्र शाळेतच व्हायला हवी. ग्रीक-रोमन शाळांत मुलांना एखादी कथा खरी कशी ते पटवायला लावत आणि लगेच तीच खोडूनही काढायला लावत. दोन्ही सराव मिळून धडा पुरा होई. महाराष्ट्रात दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली जाहिरात लेखन शिकवले जाते. मुले चौकट आखतात, आकर्षक घोषवाक्य, सवलतीची टक्केवारी, ‘त्वरा करा’ लिहितात आणि गुण मिळवतात. ते लेखन राहू द्यावे. त्याच प्रश्नाला एक उपप्रश्न जोडावा: वरील जाहिरातीचा प्रतिवाद ऐंशी शब्दांत लिहा. आणि दोन्ही उत्तरांना गुण समसमान ठेवावेत.